कूट म्हणजे शेंगदाणेच: आमच्या किचनमध्ये झालेली चूक, आणि मदत हवी आहे

पोळपाट
सोमवार, रात्री १०:४२

कोपरखैरण्यात माझं डब्यांचं किचन आहे, आठ वर्षं झाली. रोजचे दीडशेच्या आसपास डबे. बहुतेक ऐरोली-महापेच्या कंपन्यांमध्ये जातात. शनिवार-रविवारी बारसं, डोहाळजेवण अशा ऑर्डरी. माझ्यासह सात जण आहोत. परवाना भिंतीवर लावलेला आहे, पाण्याची तपासणी होते, पेस्ट कंट्रोल वेळेवर होतं. कधी कुणाची तक्रार आली नव्हती, त्यामुळे आपलं सगळं नीट चाललंय असंच मी धरून चालले होते.

तीन आठवड्यांपूर्वी एका मुलीने महिन्याचा डबा लावला. फोनवर तिने स्पष्ट सांगितलं होतं, "मला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत, अ‍ॅलर्जी आहे." मी वहीत लिहिलं, तिच्या डब्याच्या झाकणावर मार्करने लिहिलं, किचनमध्ये सगळ्यांना सांगितलं. नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी भरली वांगी होती, म्हणून तिच्यासाठी वेगळा दुधी केला. दुधीला पाणी सुटून रस पातळ झाला, तेव्हा आमच्या मावशींनी त्यात दोन चमचे कूट घातलं.

दोन घास खाल्ल्यावर तिचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, आवाज घोगरा झाला. ऑफिसमधल्यांनी वेळ न घालवता हॉस्पिटलात नेलं, इंजेक्शन मिळालं, एक रात्र ठेवून घरी सोडलं. ती आता बरी आहे.

मी मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, शेंगदाणे कुठे घातले? कूट घातलं." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी शेंगदाणे म्हणजे पोह्यात दिसतात ते. कूट हा वेगळा जिन्नस, मिठाच्या शेजारच्या डब्यातला, भाजी दाट करायला हात आपोआप जातो तो. आणि खरं सांगायचं तर मीही "शेंगदाणे नाहीत" एवढंच म्हणाले होते. "कूट नाही" हे शब्द माझ्याही तोंडून आले नव्हते.

मी तिला भेटायला गेले. तिच्या आईने एवढंच विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं ना?" त्यानंतर मला रात्री धड झोप नाही.

आमच्यासारख्या छोट्या किचनने नेमकं काय करायचं? "अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मागवू नये" अशी पाटी लावायची का? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.


एक आई
सोमवार, रात्री ११:२०

ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण हे झाकून टाकतात.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला शेंगदाणे आणि काजू दोन्हीची अ‍ॅलर्जी. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. बाहेर खायला जाणं म्हणजे माझ्यासाठी परीक्षाच असते. विचारलं की लगेच उत्तर येतं, "नाही हो मॅडम, काही नाही त्यात." या झटपट उत्तराची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. जो माणूस "थांबा, आत विचारून येतो" म्हणतो त्याच्याकडे आम्ही जेवतो.

आता मी "शेंगदाणे आहेत का" असं विचारतच नाही. एकेक नाव घेते. कूट आहे का? दाण्याची चटणी? वड्याबरोबरच्या लाल चटणीत दाणे वाटलेत का? कोशिंबिरीत? काकडीच्या कोशिंबिरीला कूट घातल्याशिवाय आपल्याकडे कोशिंबीर झाल्यासारखी वाटत नाही. उपवासाचं तर सगळंच. आणि तेल कोणतं, हेही विचारते. रिफाइंड दाण्याच्या तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, पण लाकडी घाण्याच्या तेलात उरतात. हल्ली ठाण्यात गल्लोगल्ली घाण्याचं तेल मिळतं आणि चांगलं म्हणून लोक किचनमध्येही तेच वापरायला लागलेत.

पाटीबद्दल: पाटी लावलीत तर मी तुमच्यावर रागावणार नाही. पण माझ्या मुलाला जन्मभर फक्त माझ्याच हातचं खायचं आहे का? हा विचार करून मला रडू येतं. करता येत असेल तर करा. नसेल जमत तर स्पष्ट नाही म्हणा. मधलं काही नको.


जुना नौपाडेकर
मंगळवार, सकाळी ७:०५

झालं ते वाईटच झालं, मुलगी बरी आहे हे वाचून बरं वाटलं. पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या लहानपणी शेंगा, गूळ, दाण्याचे लाडू सगळी पोरं खायची. कुणाला काही झाल्याचं ऐकलं नाही. आता प्रत्येकाला काहीतरी चालत नाही. हॉटेलवाल्याने कुणाकुणाचं बघायचं?


रात्रपाळी
मंगळवार, सकाळी ९:३८

काका, मी नवी मुंबईत एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काम करते. तुमच्या लहानपणीही हे होतंच, त्याला नाव नव्हतं. "काहीतरी विषारी खाल्लं", "अचानक दम लागला" असं म्हणून सोडून दिलं जायचं. माझ्यासमोर आलेला रुग्ण खरा असतो, त्याचा रक्तदाब खाली गेलेला असतो. त्याला काय चालत नाही याची चर्चा तिथे होत नाही.

किचनमध्ये आणि ऑफिसात सगळ्यांना माहीत असावं म्हणून लिहिते. नुसती खाज किंवा चार गांध्या वेगळ्या. पण गांध्यांबरोबर आवाज बदलला, घसा आवळल्यासारखा वाटला, धाप लागली, सारख्या उलट्या झाल्या किंवा चक्कर येऊन माणूस गळाल्यासारखा झाला तर ती तीव्र प्रतिक्रिया आहे, अ‍ॅनाफिलॅक्सिस. त्यावर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेट्रिझिनची गोळी खाज कमी करते, बंद होत चाललेला घसा उघडत नाही. गोळी देऊन "बघू अर्ध्या तासाने" म्हणत बसण्यात माणसं जातात.

१०८ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे वर. धाप असेल तर टेकून बसू द्या. उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, एकदम उभं केल्याने रक्तदाब कोसळतो. बोटं घालून उलटी काढायला लावू नका, दही, लिंबूपाणी पाजू नका. आणि इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी हॉस्पिटलात थांबायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. त्या मुलीला रात्रभर ठेवलं ते त्यासाठीच.

एक आई, मुलासाठी इंजेक्शन जवळ असतं ना?


एक आई
मंगळवार, सकाळी १०:०२

हो. अ‍ॅड्रेनलिन आधीच भरलेलं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आणि सिरिंज दिली आहे, वजनाप्रमाणे किती भरायचं ते लिहून. दोन पिशव्या आहेत, एक घरी आणि एक शाळेत. मी आणि माझे सासरे दोघेही द्यायला शिकलो. सासऱ्यांचे हात थरथरायचे, त्यांनी संत्र्यावर सराव केला.


क्यूसी रबाळे
मंगळवार, दुपारी २:१५

मी रबाळे एमआयडीसीत खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. आमच्याकडे या विषयावर रोजच काम चालतं, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी कायद्याचं. अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग व डिस्प्ले) विनियम, २०२० मध्ये आठ गट दिले आहेत, ते पाकिटावर "यात आहे" असं जाहीर करावे लागतात: ग्लूटेन असलेली धान्यं म्हणजे गहू, जव, राय, ओट्स वगैरे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदाम गटातली फळं, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट, म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन. चुकून मिसळण्याची शक्यता असेल तर "असू शकतं" असं लिहायचं. ज्या हॉटेल साखळ्यांच्या दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत किंवा ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे, त्यांनी मेनूवर अ‍ॅलर्जीची माहिती द्यायची आहे. पोळपाट ताईंसारख्या किचनला मेनूवरचा हा नियम लागत नाही. पण आपल्या घशाला हा फरक कळत नाही, त्यामुळे मी तरी तोच नियम धरून चाला म्हणेन.

आणि यादीत तीळ नाहीत, हे लक्षात ठेवा. अमेरिकेत २०२३ पासून तीळ यादीत आले, युरोपच्या चौदांच्या यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. आपल्या गोडा मसाल्यात तीळ असतात आणि मोहरीशिवाय फोडणी होत नाही. तेव्हा यादी पाठ करून भागणार नाही. तुमच्या प्रत्येक पदार्थात काय जातं ते तुम्हाला लिहूनच काढावं लागेल, मसाल्याच्या आतल्या मसाल्यापर्यंत.

आता काम. कारखान्यात ज्यात दाणे नाहीत ते उत्पादन सकाळी आधी काढतात, दाण्याचं शेवटी. मग पूर्ण धुलाई, मग स्वॅब घेऊन, म्हणजे पृष्ठभाग बोळ्याने पुसून, तपासणी, मगच दुसरा माल. किचनमध्ये स्वॅब नको, पण क्रम पाळता येतो: अ‍ॅलर्जीचा डबा सगळ्यात आधी करा, झाकून, नाव लावून, वरच्या फळीवर ठेवा. नंतर कुटाचा डबा उघडा. बारीक कूट हवेत उडतं, ओट्यावर बसतं. आणि सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. त्याने जंतू मरतात, दाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. ते जातं साबण आणि वाहत्या पाण्याने. फडक्याचंही तेच: ज्या फडक्याने कुटाचा ओटा पुसला त्याने दुसरा ओटा पुसला की काम बिघडलं.

तळणीला वेगळी कढई हवीच. कोळंबी तळलेल्या तेलात वडे तळले की ते वडे कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्याला चालत नाहीत. तापवल्याने जंतू मरतात तसं हे मरत नाही, भाजलेला दाणाही तेवढाच त्रास देतो.

शिकायचं असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, फॉस्टॅक नावाचं प्रशिक्षण आहे. पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर अशी अपेक्षा आहे, तुमच्याकडे तुम्ही स्वतः करा.


तंदूरमागे
मंगळवार, रात्री १२:५०

आत्ता शिफ्ट संपली. घोडबंदर रोडला एका हॉटेलात कॅप्टन आहे, त्याआधी सहा वर्षं आत किचनला होतो.

सर्वांनी चांगलं लिहिलंय, पण शनिवारी रात्री साडेनऊला काय होतं ते सांगतो. चाळीस टेबलं भरलेली, बाहेर वेटिंग, ऑनलाइनच्या ऑर्डरी वेगळ्याच वाजतायत. गिऱ्हाईक म्हणतं काजू नको. मी केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहितो. आत भाज्या एकेक करून कोणी शिजवत नाही. लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, व्हाइट ग्रेव्ही सकाळीच पातेली भरून तयार असतात. व्हाइटमध्ये काजू आणि मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) वाटलेलं असतंच. शेफ वरून काजूचे तुकडे टाकत नाही आणि समजतो काजू काढले. ताईंच्या कुटासारखंच झालं हे.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या किचनमध्ये ओडिया, बंगाली, नेपाळी पोरं आहेत. नेपाळीत शेंगदाण्याला बदाम म्हणतात. बंगालीत चिनाबादाम म्हणतात आणि बोलताना नुसतं बादाम. मला हे चार वर्षं माहीत नव्हतं. एकदा मी आत ओरडलो "मूंगफली नहीं, बदाम चलेगा" आणि आतला नेपाळी पोरगा हातात दाण्याची वाटी घेऊन उभा. त्याने थांबून विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी खिशात फोटो छापलेलं कार्ड ठेवतो. दाणे, काजू, बदाम, कोळंबी, अंडं, दूध. बोटाने दाखवायचं. फोटोला भाषा लागत नाही.

तिसरी, मालकांसाठी. खरेदीवाला भाव बघून माल बदलतो आणि आत कुणाला सांगत नाही. काजू महाग झाले की ग्रेव्हीत दाणे येतात. मिठाईवरचा पिस्ता म्हणजे कधी कधी हिरवा रंग दिलेले दाण्याचे काप असतात.


क्यूसी रबाळे
बुधवार, सकाळी ८:४०

तंदूरमागे, तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर माणूस गेलेला आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थ यॉर्कशरला २०१४ साली पॉल विल्सन नावाच्या माणसाने भारतीय रेस्टॉरंटमधून दाणे नसलेली करी मागवली होती, पाकिटावर तसं लिहिलेलंही होतं. मालकाने बदामपुडीच्या जागी दाणे मिसळलेली स्वस्त पूड आणायला सुरुवात केली होती. विल्सन ती करी खाऊन गेले. २०१६ मध्ये मालकाला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. आमच्या प्रशिक्षणात मी हे उदाहरण दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी खरेदी विभागातल्यांना मुद्दाम पुढे बसवतो.


ज्वारी
बुधवार, दुपारी १:२५

दाण्यांवर बरंच आलं, माझं थोडं वेगळं आहे. मला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे तशी अ‍ॅलर्जी नव्हे, गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. घसा सुजत नाही, म्हणून लोकांना ते खरं वाटत नाही. मात्र एका चुकीने मी आठवडा झोपून असते.

हॉटेलवाले म्हणतात, "भाकरी आहे ना, ग्लूटेन नाही." भाकरी थापताना परातीला गव्हाचं पीठ लावलं होतं का? तवा पोळीचा होता का? आणि ज्वारी दळली कुठे? गिरणीत आधी गहू दळला असेल तर पहिली पायली अर्धी गव्हाचीच. मी सीवूड्सला एका गिरणीवाल्या काकांकडे सकाळी दगड झाडून पहिलं दळण लावते, ते आनंदाने करतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

आणि हिंग! बाजारातला बांधणी हिंग गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात बांधलेला असतो. वरण, भाजी, ताक, सगळ्यात चिमूटभर जातो. मला निदान झाल्यावर आठ महिने कळत नव्हतं की घरचं खाऊनही पोट का दुखतंय. पोळपाट ताई, तुमच्या हिंगाचं पाकीट उलटं करून वाचा.


जुना नौपाडेकर
बुधवार, सायंकाळी ६:३०

सगळं वाचलं. रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत ते पटलं. माझी एक मावसबहीण कोळंबी खाऊन लहानपणीच गेली होती, गरोदर बाईची नजर लागली असं घरात म्हणायचे. तुमचं वाचताना ती आठवली. पन्नास वर्षांत हा विचार मनात आला नव्हता.

एक खरंच विचारतो. काही जण वांगी आवडत नाहीत म्हणूनही अ‍ॅलर्जी सांगतात. मग खरा कोण ते कसं ओळखायचं?


तंदूरमागे
बुधवार, रात्री ११:५५

काका, ओळखायला जाऊच नका. मी सरळ विचारतो, "आवड नाही की त्रास होतो?" आणि त्रास म्हटलं की "थोडंसं लागलं तरी चालेल का?" आवडीवाला म्हणतो हो, थोडं चालेल. खरा अ‍ॅलर्जीवाला तिथेच सावध होतो. दुसऱ्यासाठी वेगळी कढई.


पोळपाट
दोन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ५:१०

सर्वांचे आभार कसे मानू कळत नाही. काय केलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

आधी मावशींबरोबर बसले. त्या घाबरून काम सोडायला निघाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं की चूक माझ्या सांगण्यात होती. मग आम्ही दोघींनी रोजच्या बावन्न पदार्थांची यादी केली. मला वाटलं होतं दहा-बाराच पदार्थांत कूट जात असेल. तेवीस निघाले. यात आमटीही होती, ती मला स्वतःला माहीत नव्हती. सकाळच्या पाळीला स्वयंपाक करणारी आमची मुलगी चवीला घालत होती.

कूट आता ओट्यावर नाही. लाल झाकणाच्या एका डब्यात, दाराजवळच्या फळीवर, त्याचा चमचा त्यालाच बांधलेला. सकाळी सहा ते साडेसात तो डबा उघडायचा नाही. तेवढ्यात अ‍ॅलर्जीचे डबे होतात. "रस पातळ झाला तर" याला उत्तर भाजलेलं बेसन, आणि तेही न जमल्यास पातळ जाऊ दे. भिंतीवर फोटोंचा तक्ता लावला, तंदूरमागे दादांची कल्पना. आमच्याकडे बिहारची दोन मुलं आहेत, त्यांनी तो सगळ्यात आधी पाठ केला.

पाटी लावली नाही. पण तीन गोष्टींना मी आता नाही म्हणते. उपवासाचा डबा दाण्याशिवाय होईल असं सांगत नाही. पार्टीच्या ऑर्डरीत अ‍ॅलर्जीची हमी देत नाही, कारण त्या दिवशी बाहेरचे मदतनीस असतात. आणि ग्लूटेन नको म्हणणाऱ्यांना सांगते की माझ्याकडे दिवसभर गव्हाचं पीठ उडत असतं, सहाशे पोळ्या होतात, माझ्याकडून नका घेऊ. या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. एकाने धन्यवाद दिले, दुसऱ्याने फोन ठेवला.

त्या मुलीचा डबा बंद आहे, आणि ते योग्यच आहे. मी तिला यादी पाठवली. तिने वाचल्याचं कळवलं आणि विचारलं, "खोबऱ्याची सुकी चटणी कुठे वाटता, दाण्याच्याच मिक्सरमध्ये का?" हो, त्याच मिक्सरमध्ये वाटत होतो. काल वाशीहून नवीन भांडं आणलं.

ज्वारी, आमचा हिंग वाचला. गव्हाचं पीठच आहे. तुम्ही कोणता वापरता?


ज्वारी
रविवार, रात्री ९:१५

तांदळाच्या पिठात बांधलेला मिळतो. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये विचारा, पण दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका, डबी हातात घेऊन घटक वाचा. गव्हाचं नाव नसेल तरी खाली "असू शकतं" लिहिलंय का तेही बघा. मंगळवारी मी तिकडे जाणार आहे, हवी तर तुमच्यासाठी एक घेऊन ठेवते.


एक आई
रविवार, रात्री १०:३३

ताई, त्या तेवीस पदार्थांची यादी इथे टाकाल का? माझ्या मुलाच्या शाळेच्या कँटीनला द्यायची आहे.